तिसरा ठोकळा

१

गुरुवारी दुपारी चार वाजता पोपटराव आंघोळीला गेले आणि पावणेपाचला न्हाणीचं छत त्यांच्या डोक्यावर आलं. छताबरोबर वरच्या पोटमाळ्यातली गरम पाण्याची टाकी आली. तीनशे लिटर पाणी, तेही हात घालवणार नाही असं तापलेलं. आवाज थेट हायवेपर्यंत ऐकू गेला. कामवाली अनसाबाई ओरडत बाहेर आली, शेजारच्या पोरांनी दार फोडलं, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

पोपटरावांची आंघोळ कारेगावात नावाजलेली होती. गुडघे धरलेले, म्हणून रोज चारला न्हाणीत शिरायचं, दगडावर बसायचं आणि तासभर गुडघ्यांवर कढत पाणी सोडत राहायचं. एवढ्यासाठी त्यांनी मुद्दाम सोलारची मोठी टाकी घेतली होती. पडवीच्या स्लॅबवर पट्ट्या, वर माळ्यावर टाकी.

टाकी कुणी बसवली, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निघाला. उत्तरही सोपं होतं. एमआयडीसीच्या रस्त्याला धम्मदीपचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं बसवली होती. गावाला निकाल द्यायला कोर्ट लागत नाही. रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांचं ठरलं, की त्या पोरानं मालात खाल्लं आणि म्हाताऱ्याचा जीव घेतला. पोलिसांनी त्याला उचललं, कोठडी मिळाली, आणि सोमवारी पुन्हा कोर्टात उभं करायचं ठरलं.

धम्मदीपच्या बायकोनं, राजश्रीनं, दौंडला त्याच्या मामाला फोन लावला.

"मामा, तुमीच शिकवलंय त्यांना. तुमीच या."

बन्सीमामा म्हणजे रेल्वेच्या पुलांच्या गँगमधला मिस्त्री. चौतीस वर्षं भीमेवरचे आणि घोडनदीवरचे पूल हातोडीनं ठोकत हिंडलेला माणूस. रिव्हेट ठोकायचा आणि कान द्यायचा; आवाज खणखणीत आला तर पुढं, बद्द आला तर लाल खडूनं खूण. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी ती छोटी हातोडी अजून पिशवीत असायची. शनिवारी सकाळच्या एसटीनं मामा न्हावऱ्यावरून आले ते सरळ ठाण्यात गेले.

गजाआड बसलेल्या भाच्याला पाहून त्यांना धीर द्यायचा होता. पण तोंडातून भलतंच निघालं.

"वाळू कुठली वापरलीस?"

धम्मदीपनं मान वर केली. दोन दिवसांची दाढी, लाल डोळे.

"मामा, तुमी बी?"

"इचारतोय त्ये सांग."

"धुतलेली. ठोकळ्यांवर येकवीस दिवस पानी मारलंय. गोणपाट टाकून. तुमी शिकवलं तसं." तो गजांपाशी आला. "चार ठोकळे व्हते. ह्ये म्हणत्यात तीन सापडले, उरलेल्याचा भुगा झाला. मामा, मी जलमात भुगा व्हईल असा ठोकळा बनिवला न्हाई."

मामांनी मान हलवली, पण मनात शंकेनं घर केलं होतं ते हललं नाही. पोरगं घाईचं. बाजारात स्पर्धा. एखाद्या वेळी सिमेंट कमी पडलं असेल. असं वाटल्याची त्यांना लाजही वाटली आणि तरी वाटत राहिलं.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांच्या डोक्यात एक गोष्ट अडकली. काँक्रीटचा भुगा होतो हे खरं. पण भुगा झाला तरी तो असतो. मग त्या न्हाणीत नऊ-दहा किलो जादा भुगा कुठंतरी पडलेला असायला हवा.

२

फौजदार माणूस बरा होता. "मिस्त्री, गर्डर-बोल्टातलं मला काही कळत नाही," असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. "सोमवारपर्यंत कागद पुरा करायचाय. बघा तुम्ही, पण हात लावाल ते मला दाखवून."

पोपटरावांच्या घरी सावडणं उरकून माणसं परतली होती. न्हाणी तशीच ठेवलेली. मामा आधी घरातल्या लोखंडी शिडीनं माळ्याच्या उरलेल्या कडेवर गेले. माळ्याला दार एकच, तेही घराच्या आतून.

बसवणी त्यांनी डोळ्यांनी पुन्हा जुळवली. न्हाणीच्या भिंती आठ फुटांवर संपत होत्या. त्यांच्यावर तीन इंची पातळ स्लॅब, तोच पोटमाळा, आणि वर पत्रा. असल्या स्लॅबवर जुने हंडे ठेवावेत. चारशे किलोची टाकी ठेवली तर तो पापडासारखा मोडणार. धम्मदीपला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं दोन लोखंडी गर्डर टाकले होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गर्डरची चारही टोकं बरोबर भिंतींच्या डोक्यावर, एकेका गोल काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवलेली. सगळा भार ठोकळ्यांतून भिंतींत उतरायचा, स्लॅबला त्याचा स्पर्शसुद्धा नव्हता. मामांनी मनात म्हटलं, मी असतो तर याहून वेगळं केलं नसतं.

एका कोपऱ्यातला आधार गेला, गर्डर खाली आपटला, टाकी कलंडून स्लॅबच्या मधोमध पडली आणि स्लॅब फुटला. घडलं ते एवढंच. पण तो आधार गेला कसा?

दोन्ही गर्डर एकमेकांना जोडणाऱ्या बोल्टांवर पिवळी रेघ होती. ही मामांच्या गँगची पद्धत. नट पुरता आवळला की नट, बोल्ट आणि लोखंड अशा तिन्हींवरून रंगाची एकच रेघ ओढायची. नट पुढं केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनच दिसते. धम्मदीप ही रेघ प्रत्येक कामावर ओढायचा. मामांनी एकेक बोल्ट पाहिला. सगळ्या रेघा साबूत होत्या.

"म्हणजे कुणी बोल्ट ढिले केले नाहीत," फौजदार म्हणाले. "हे तर भाच्याच्या विरुद्ध जातंय, मिस्त्री."

खाली उतरून मामांनी मलबा चाळायला घेतला. तीन ठोकळे निघाले. चार लिटरच्या रंगाच्या डब्यात ओतून काढलेले, गुळगुळीत अंगाचे. प्रत्येकावर ओल्या सिमेंटात कोरलेला आकडा आणि शेजारी दाबलेला अंगठा. एक. दोन. चार. मामांनी तिन्ही हातोडीनं ठोकले. तिन्ही खणखणले. मग एकाच हातानं, एकाच दिवशी, एकाच घमेल्यातून ओतलेला तिसरा ठोकळा भुसभुशीत कसा निघेल?

तासभर चाळूनही तिसऱ्याचा कपचा सापडला नाही. स्लॅबच्या खडीचा रंग काळा, ठोकळ्याच्या खडीचा तांबूस. त्या सगळ्या ढिगात तांबूस खडीचा एक दाणा नव्हता.

ढिगात दुसरंच काही हाताला लागलं. तळहाताएवढा, राखाडी रंगाचा जाड पापुद्रा. ऑइलपेंट वाळून सुटून यावा तसा. बाहेरून सिमेंटसारखा दिसणारा, आणि आतल्या अंगाला बारीक उभे-आडवे धागे उमटलेले, मधे कापडाच्या चुण्या असाव्यात तशा रेषा.

"टाकी पांढरी," मामा फौजदारांना म्हणाले. "गर्डर तांबडा. भिंतीला चुना. ठोकळ्यांना रंगच न्हाई. मग सायेब, ह्यो राखाडी रंग कशाच्या अंगावरचा?"

फौजदारांनी पापुद्रा उलटसुलट केला. मग तो वहीत नोंदवला आणि मामांच्या हातात परत दिला.

३

अनसाबाई पडवीत भांडी घासत बसली होती. मामांनी विचारायचा अवकाश, तिचं तोंड सुटलं.

"काय सांगू मामा, तीन बादल्या पानी वतलं म्या न्हाणीबाहेरच्या वट्यावर. तरी पाय चिकाट. तेलकट न्हाई बरं का, चिकाट. मी म्हनलं मालकांचा शाम्पू सांडला आसंल. तर मालकांच्या डोक्यावर केस कुठं हायेत!" आणि लगेच जीभ चावून तिनं पदर डोळ्यांना लावला.

"टाकीला कुणी हात लावला व्हता का?"

"आदल्या रविवारी गाळ काढला की. विक्रमदादांनी. टाकी रिकामी केली, समदं धुतलं. मला भरपगारी सुट्टी दिली. पंधरा वर्सं हितं राबतीया, भरपगारी सुट्टी पैल्यांदा मिळाली."

"आन् मालकांच्या लेक, अनुपमाताई, कवा आल्या?"

"सोमवारी." अनसाबाईनं आवाज खाली आणला. "बुधवारी बापलेकीचं लई वाजलं. 'शिरूर, सोमवारी, नाव', आसं कायबाय कानावर आलं. मी काय कान देत न्हाई कुनाकडं."

विक्रम हा पोपटरावांचा पुतण्या. आईबाप लहानपणी गेले, पोपटरावांनीच पोटच्या पोरासारखा वाढवला. अनुपमा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला दिलेली. माळ्याची वाट घरातून, म्हणजे माळ्यावर जाणारी माणसं या दोघांतलीच. फौजदारांनाही हे दिसलं. त्यांनी आता वहीचं नवं पान उघडलं होतं.

अनुपमा आतल्या खोलीत वडिलांच्या फोटोसमोर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. भांडणाचं विचारताच ती म्हणाली, "खरंय. भांडले मी. आप्पांनी पाच वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलं होतं, सगळं विक्रमदादाच्या नावानं. आता त्यांना ते बदलायचं होतं. सोमवारी शिरूरला जाऊन सगळं माझ्या नावानं करणार होते."

"मग भांडण कशापायी, ताई?"

ती काही बोलणार तेवढ्यात दारात विक्रम उभा राहिला. भादरलेलं डोकं, खांद्यावर पंचा. तिनं तोंड फोटोकडं वळवलं.

"मिस्त्री, तुमचं दुःख मी समजू शकतो," विक्रम अगदी मऊ आवाजात म्हणाला. "भाचा हाय तुमचा. पण तुमच्या पोरांना काम द्यावं म्हणून आप्पाच माझ्यापाशी भांडले व्हते. मी सांगत व्हतो पुण्याची कंपनी बघू. आता गाव म्हणतंय त्येच खरं झालं."

'तुमच्या पोरांना' हे मामांना बरोबर कळलं. आयुष्यभर कळत आलं होतं. त्यांनी पिशवीतली हातोडी चाचपली आणि शांतपणे विचारलं, "गुरुवारी तुमी कुठं व्हता?"

"कासुर्डीला. माझं गुऱ्हाळ हाय तिथं. सकाळी आठला निघालो, आप्पांची बातमी फोनवर कळली. बारा-पंधरा मजूर साक्षीला हायेत. मोजून घ्या."

पन्नास किलोमीटरवर बसलेला माणूस इथली टाकी कशी पाडणार? आणि घरचं माणूस म्हणून इथं अनुपमा एकटीच होती. फौजदारांची पेन्सिल तिच्या नावाखाली फिरताना मामांनी पाहिली.

ते पुन्हा माळ्यावर चढले. या वेळी त्यांनी बोल्ट सोडून नळीकडं पाहिलं; टाकी तिला तोडून गेली होती, पण पुढचा तुकडा भिंतीला धरून होता. पोपटरावांच्या न्हाणीची नळी नेहमीच्या नळ्यांहून वेगळी होती. टाकीच्या तोंडालाच कॉक आणि त्याच्या दांडीला बांधलेली तार स्लॅबच्या भोकातून खाली न्हाणीत लोंबायची. पोपटराव दगडावर बसून तार ओढायचे, तेव्हाच नळीत पाणी यायचं. आपलं कढत पाणी दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून त्यांनीच हट्टानं करून घेतलेली सोय. कॉकच्या पुढं नळी वळत होती, आणि त्या वळणावरचा जोड होता बरोबर तिसऱ्या कोपऱ्याच्या वर.

त्या जोडाच्या नटावरची पिवळी रेघ तुटलेली होती. नट अर्धा आटा उलटा फिरलेला होता.

४

रेघ तुटल्याचं पाहून मामा लगेच खाली उतरले. त्यांनी खाली आलेला गर्डर उलटा करवला. तिसऱ्या टोकाजवळ खालच्या अंगाला तांबड्या रंगावर पेढ्याएवढा गोल ठसा होता. रंग खरवडून लोखंड उघडं पडलेलं.

"जॅक," मामा म्हणाले. "जॅक लावून कुणीतरी टोक उचललंय. टाकी रिकामी आसताना येका माणसाला जमतंय."

कारेगावात जॅक म्हटला की जयसिंगचं गॅरेज. आणि जयसिंग म्हटलं की पोपटरावांचा हाडवैरी. ग्रामपंचायतीच्या सभेत 'तुझ्या डोक्यावर छप्पर ठेवणार न्हाई' असं जयसिंग सगळ्यांदेखत ओरडला होता. आता खरोखरच छप्पर आलं खाली, त्यामुळं बिचारा दोन दिवस झोपला नव्हता.

"आहो बोलायची रीत आसती ती!" फौजदारांना पाहताच तो कळवळला. "मी मतं पाडणारा माणूस, टाक्या न्हाई! जॅक म्हणताय? माझा जॅक म्हंजी देवळातली घंटा, येईल त्यानं वाजवावी. ए, इधर आ! जॅक कौन ले गया था?"

हाताला ग्रीस लागलेला कामगार पुढं आला. "पिछले इतवार को, साब. पोपटराव के घर से आदमी आया था. सोमवार सुबह वापस रख गया. नाम नहीं मालूम."

रविवार. टाकी रिकामी केली तो रविवार. अनुपमा आली सोमवारी.

फौजदारांनी हे मान्य केलं, पण खाली बसून त्यांनी एक प्रश्न विचारला. "मिस्त्री, समजा विक्रमनं ठोकळा रविवारी काढला. मग सोमवार, मंगळवार, बुधवार ती भरलेली टाकी कशावर उभी होती? हवेवर?"

मामा पुन्हा शिडीनं माळ्यावर चढले. भिंतीच्या डोक्यावर, जिथं तिसरा ठोकळा असायला हवा होता, तिथं पिवळसर डाग वाळून बसला होता. आणि त्या डागाकडं पत्र्याच्या फटीतून मुंगळ्यांची रांग लागली होती. रिकाम्या माळ्यावर, जिथं ना धान्य ना डबा. मामांनी नखानं डागाची खपली काढली. मग ती जिभेवर ठेवली.

गोड होती.

५

रविवारी सकाळी राजश्रीनं चहाला आधण ठेवलं. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. मामांनी काल काय चाखलं ते त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं, कारण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. तिनं फळीवरची गुळाची ढेप खाली घेतली आणि बत्त्यानं ठोकली. ढेप फुटेना.

"दगड हाय मेला," ती वैतागली. "डोस्क्यात घातली तर मानूस मरंल."

"थांब!" मामा ओरडले. तिच्या हातातून त्यांनी ढेप घेतली. छोट्या बादलीत ओतून काढलेली, गोल, खाली निमुळती. रंगाच्या डब्यातून निघालेल्या ठोकळ्याची जणू धाकटी बहीण. अंगावर बारीक उभे-आडवे धागे आणि मधे चुण्या. गुऱ्हाळात बादलीला आतून फडकं लावतात, त्यावर गरम गूळ ओततात. फडक्याची वीण ढेपेवर उमटते. हे मामा लहानपणापासून बघत आले होते, आणि काल तोच पापुद्रा दिवसभर हातात धरून हिंडले होते.

"राजश्री," ते म्हणाले, "हिच्यावर शिमिट धरंल का गं?"

"गुळावर? शिमिटात गूळ गेला की त्ये मरतंय, ह्ये मला बी ठावं हाय. रंगच लावावा लागंल."

मामांचे डोळे भरून आले. काल सकाळी गजाआडच्या पोराला आपण वाळूचं विचारलं होतं.

"चा राहू दे," ते उठले. "सायेबाला गाठतो."

६

फौजदारांनी विक्रमला जीपमध्ये घेतलं. "चला, तुमच्या मजुरांचे जबाब घेऊन टाकू, म्हणजे तुमचं नाव मोकळं." विक्रम आनंदानं बसला. सगळ्या वाटेनं उसाच्या भावावर बोलत होता. मामा मागच्या सीटवर गप्प होते. मांडीवरच्या पिशवीत पापुद्रा होता, पण पापुद्र्यानं कोर्टात काय होणार? त्यांना ठोकळा हवा होता. आणि तो या माणसानं विहिरीत टाकला असेल तर उद्या धम्मदीपचं खरं नव्हतं.

कासुर्डीचं गुऱ्हाळ चालूच होतं. तोडलेला ऊस सुतकासाठी थांबत नाही. कढईत रस उकळत होता, आणि झुंबरबाई नावाची म्हातारी कढईपाशी रसावरची मळी काढत होती. विक्रम फौजदारांना मजुरांकडं घेऊन गेला तसे मामा तिच्याजवळ टेकले.

"मावशी, ढेपा बऱ्या उतरल्यात."

"उतरत्यात बाबा. पर नासाडी करनाऱ्याला काय म्हनावं?" म्हातारीच्या पोटात ते ठसठसत असावं. "मालकानं धा-बारा दिसांमागं येक अख्खी ढेप घेतली. वर हे मोठं धोंडं ठिवलं आन् बुडाला कढत पान्याची धार सोडली. हातात घड्याळ. म्या म्हनलं, आरं लेका, अन्न हाय त्ये. तर म्हनला, तपासतुया. पाऊन तासात ढेप बसली. लक्षुमीचा आसा खेळ करत्यात व्हय?"

पाऊण तास. पोपटराव चारला तार ओढायचे, आणि छत पडलं पावणेपाचला.

मामा उठले आणि आवारात फिरू लागले. शेतकरी माणूस कामाची वस्तू फेकत नाही. फुटकं टायर ठेवतो, वाकडा खिळा ठेवतो. नऊ-दहा किलोचा, हाताजोगता, पक्का ठोकळा तो विहिरीत कशाला टाकेल? मामांच्या सगळ्या आशा या एका सवयीवर टांगलेल्या होत्या. चुलाण पाहिलं, चरकाचा चौथरा पाहिला. तिथं काही नव्हतं. मग वाळत घातलेल्या चिपाडांची गंजी दिसली. वर ताडपत्री, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं दगड मांडलेले.

मामांनी हातोडी काढली आणि एकेका दगडाला ठोकत निघाले. पहिला बद्द. दुसरा बद्द. मजूर काम सोडून बघू लागले. लांबून विक्रमनं पाहिलं आणि बोलता बोलता थांबला.

सातवा खणखणला.

मामांनी तो उलटा केला. बुडाला आकडा होता तीन, शेजारी अंगठा.

"ओ मिस्त्री, काय चाललंय तिथं?" विक्रम धावत आला. त्याच्या आवाजातला मऊपणा पार गेला होता.

"बघतोय," मामा म्हणाले. त्यांना धाप लागली होती, तरी एकेक शब्द नीट आला. "रविवारी टाकी रिकामी केलीत. जॅक लावून ह्यो काढलात आन् बूड सोडून राखाडी रंग दिल्याली ढेप सारलीत. कोरडी ढेप दगडावानी, चार दिस तिनं भार पेलला. गुरुवारी सकाळी निघताना जोडाचा नट अर्धा आटा सोडलात. कॉक बंद, म्हंजी पानी न्हाई. तुमी कासुर्डीला. चार वाजता चुलत्यानं सवताच्या हातानं तार वढली. कढत पान्याची धार ढेपंच्या बुडात. आन् घड्याळ तुमी हितंच लावून बघितलं व्हतं."

"पुरावा काय? गूळ दुनियेत सगळीकडं मिळतोय!"

"गूळ मिळतोय," फौजदार म्हणाले. "पण माळ्यावरचा ठोकळा तुमच्या ताडपत्रीवर कसा आला, ते सांगा."

विक्रम खाली बसला आणि तळतळून बोलला, "पंचवीस वर्सं राबलो त्या घरात. वकिलाचा फोन मीच उचलला. समदं तिच्या नावावर! मला येक गुंठा बी न्हाई!"

कारेगावातून निघताना मामांनी एकच गोष्ट अनुपमाला विचारून घेतली होती. सांगावी की नाही, हे वाटभर त्यांचं ठरत नव्हतं. आता त्यांनी सांगितलं.

"बुधवारी ताईनं बापाशी भांडण केलं ते तुमच्यासाठी. म्हणत व्हती, निम्मं दादाचं ऱ्हाऊ द्या, न्हाईतर मला कायबी नको. गुरुवारी सकाळी आप्पांनी मान्य केलं. सांजच्याला तुमी आलात की सांगायचं ठरलं व्हतं."

विक्रमनं दोन्ही हातांनी भादरलेलं डोकं धरलं. त्याचं रडणं ऐकवेना, तेव्हा मामा तिथून बाजूला झाले.

७

सोमवारी दुपारी धम्मदीप सुटला. राजश्री कोर्टाच्या आवारात भर गर्दीत त्याला बिलगली आणि कुणाची पर्वा न करता रडली. मामा लांब लिंबाखाली उभे होते. तो जवळ आला तेव्हा त्यांना त्याच्या डोळ्यांत बघवेना.

"येक सांगतो," ते म्हणाले. "येक दीस मला वाटलं व्हतं रं. ठोकळा तुझा कच्चा आसंल."

"कळलं व्हतं मला," धम्मदीप म्हणाला. "गावानं म्हणलं त्याचं काय वाटलं न्हाई. तुमी वाळूचं इचारलंत तवा मेलो मी."

मामांनी त्याचा हात धरला. एकवीस दिवस पाणी मारणारा, चटक्यांनी भरलेला हात. माफी कशी मागायची ते मामांना येत नव्हतं, म्हणून ते तो हात सोडीनात. भाच्यानंही सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात फौजदार कागद घेऊन आले. ठोकळा मुद्देमाल म्हणून जमा झाला होता, त्यावर सही हवी होती. "खटला उभा राहील, निकाल लागेल, मग परत मिळेल," ते म्हणाले. "किती वर्षं लागतील सांगता येत नाही बाबा."

धम्मदीपनं सही केली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"ऱ्हाऊ द्या की सायेब, पायजे तितकी वर्सं," तो म्हणाला. "त्यो काय गुळाचा न्हाई."